कमरेपासून सुरुवात: कॉनसाठी १९५०च्या धाटणीचा घेरदार फ्रॉक

कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्स-सिनेमाच्या चाहत्यांचा वेष करून जायचा मेळावा, जवळ आला की मला एकाच प्रकारचे फोन यायला लागतात. "ताई, तो जुन्या काळातला गोल घेराचा फ्रॉक असतो ना, तसा हवा होता. टेलरला फोटो दाखवला आणि त्याने अनारकली शिवून दिला." मी फोटो मागवते. कापड छान असतं, शिलाई सुबक असते, घेरही भरपूर असतो. चुकलेली असते ती कमर. कधी ती छातीखाली चढलेली असते, कधी कटीपर्यंत, म्हणजे नितंबांपर्यंत, घसरलेली. १९५० सालचा फ्रॉक आणि आजचा ड्रेस यांतला खरा फरक या दोन-तीन इंचांत असतो. ठिपक्यांचं कापड, लाल लिपस्टिक, मोत्यांची माळ हे सगळं त्यानंतरचं.

ज्यांना मशीनवर सरळ शिवण मारता येते, ज्यांनी अभ्रे, पिशव्या, फार तर परकर शिवलाय, पण अंगाबरोबर बसणारं काही अजून शिवलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बिनबाहीचा, कमरेत बसणारा, पूर्ण गोल घेराचा फ्रॉक आणि त्याखालचा जाळीचा परकर आपण शिवणार आहोत. नवं शिवायचं नसेल, घरातलाच जुना कपडा बदलायचा असेल, तर त्याचंही पुढे सांगते.

हा घेर आला कुठून

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओर या फॅशनकाराने आपला पहिला संग्रह दाखवला. कार्मेल स्नो या अमेरिकी संपादिकेच्या उद्गारावरून त्याला 'न्यू लूक' हे नाव पडलं. उतरते खांदे, आवळलेली कंबर आणि खाली मीटरच्या मीटर कापड. लोक एवढे चकित का झाले, हे त्याआधीची वर्षं पाहिल्याशिवाय कळत नाही. ब्रिटनमध्ये १ जून १९४१पासून कपडे कूपनवर मिळत होते. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं, आणि एका लोकरी फ्रॉकलाच ११ जायची. हे रेशनिंग मार्च १९४९पर्यंत चाललं. आपल्याकडेही १९४३ साली सुती कापडावर नियंत्रण आलं. घरातल्या वयस्क माणसांच्या तोंडी 'कंट्रोलचं कापड' हा शब्द त्या वर्षांतला आहे. इतकी वर्षं काटकसरीने कापड वापरलेल्या बायकांना तो घेर म्हणजे टंचाई संपल्याची खूण वाटली. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असतं की घेरात कापड वाचवू नका. दागिने, बूट, टोपी यांत वाचवा.

वेळ आणि कापड

कॉनच्या आधी आठ आठवडे हातात ठेवा. पहिले दोन मापं आणि मांजरपाटाच्या, म्हणजे जाड्याभरड्या कोऱ्या सुती कापडाच्या, नमुन्यात जातात. मग दोन घेर आणि बॉडीसाठी, म्हणजे कमरेवरच्या भागासाठी, एक परकरासाठी, एक चेन आणि गळ्यासाठी. उरलेले दोन दुरुस्तीसाठी मोकळे ठेवा, ते दर वेळी लागतातच.

कापड सुती घ्या. थोडं जड पॉपलिन किंवा कॉटन-साटीन सगळ्यात बरं. जॉर्जेट, शिफॉन पहिल्या फ्रॉकला नको. ते कात्रीखाली सरकतं आणि कमरेपाशी उभं राहत नाही. मुंबईत मंगलदास मार्केट किंवा दादरची हिंदमाता, पुण्यात लक्ष्मी रोड, इथे पॉपलिन आणि अस्तराचं कापड दोन्ही मिळतं. लेस, फिती, बटणं भुलेश्वरला किंवा तुळशीबागेत बघा. दुकानात पहिल्यांदा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा, भाव नंतर. ४४ इंच पन्ह्यात साडेचार मीटर पुरतं. पन्हा ३६ असेल तर पाच मीटर घ्या.

याशिवाय दीड मीटर मांजरपाट, १४ इंची चेन, इंचभर रुंद न ताणणारी सुती फीत, तीन मीटर कडक जाळी, परकरासाठी मीटर-सव्वा मीटर पॉपलिन आणि मशीनला १४ नंबरची नवी सुई. सुई खरंच नवी घ्या. बोथट सुईने टाके चुकतात आणि नवखी माणसं तासभर दोऱ्याच्या ताणाशी झगडत बसतात.

घरी आल्यावर कापड पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, उभ्या धाग्याने इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवल्यावर आटलं तर जे काळजीने मापलंय तेच बिघडतं.

कंबर शोधणे

इथे घाई करू नका. परकराची नाडी घ्या आणि पोटावर, बेंबीच्या थोडी वर, सैलसर बांधा. मग सरळ उभं राहून एका बाजूला वाका, मग दुसऱ्या. जिथे अंग दुमडतं तिथे नाडी आपोआप जाऊन बसते. ती आपली खरी कंबर. जीन्स आपण जिथे घालतो ती नाही. नाडी तशीच ठेवून दहा-पंधरा मिनिटं घरात वावरा, खाली बसा, फळीवरचं काहीतरी काढा. नाडी हलली नाही की समजा जागा मिळाली.

आता मापं घ्या, फ्रॉकखाली जी अंतर्वस्त्रं घालणार तीच घालून. छाती, नाडीवर कंबर, आणि सगळ्यात रुंद भागावर कटी. मानेमागचं वर आलेलं हाड ते नाडी हे पाठीचं माप. बहुतेक जणींचं १५ ते साडेसोळा इंच येतं. पुढचं माप गळ्याजवळच्या खांद्यापासून छातीच्या उंचवट्यावरून नाडीपर्यंत. हे माप दुसऱ्या कुणाकडून घ्या. स्वतः घेताना मान वाकते आणि माप कमी येतं. शेवटी नाडीपासून फ्रॉकची लांबी. १९५०च्या धाटणीला ती गुडघ्याखाली, पिंडरीच्या वरच्या भागात येते.

उदाहरणासाठी कंबर २८ इंच आणि फ्रॉकची लांबी २६ इंच धरते. श्वास घ्यायला, जेवायला कमरेत एक इंच सैल सोडायचा, म्हणजे शिवायची कंबर २९.

बॉडी: आपल्याच ब्लाउजवरून

परदेशी नमुने मागवण्याच्या खटाटोपात पडू नका. अंगाबरोबर बसणारा, टक्स, म्हणजे आकारासाठी शिवलेल्या निमुळत्या चिमट्या, घातलेला वरचा भाग आपल्या कपाटात आधीच आहे, तो म्हणजे साडीवरचा ब्लाउज. आपल्याकडच्या गल्लीतल्या टेलरने तुमच्या अंगावर बसवलेला मुंढा, म्हणजे हात घालायचा गोल काप, हा कुठल्याही छापील नमुन्यापेक्षा तुमच्या जवळचा असतो.

साधा चार टक्सचा, नीट बसणारा, आता वापरात नसलेला एक ब्लाउज घ्या. छातीला वेगळा गोल तुकडा जोडलेला कटोरी ब्लाउज नको. खाली वेगळी पट्टी जोडलेलाही नको. एका बाजूने तो उसवा: एक पुढचा भाग, पाठीचा अर्धा भाग, बाही बाजूला. टक्ससुद्धा उसवा, पण त्याआधी त्यांच्या रेघा पेनाने कापडावर उमटवा. इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवा आणि कडेने आखा.

आता एक गोष्ट अगदी जवळून बघा, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा जणी इथेच चुकतात. ब्लाउज पुढे हुकांनी बंद होतो, आपला फ्रॉक पुढे बंद आहे. हुक अडकवल्यावर एका बाजूची पट्टी दुसरीखाली जाते. दोन्ही बाजू जिथे भेटतात, म्हणजे हुकाचं टोक जिथे टेकतं, ती मध्यरेषा. पट्टीचा त्यापलीकडचा भाग कागदावरून कापून टाका आणि ही मध्यरेषा कापडाच्या घडीवर ठेवा. पट्टीसकट कापलंत तर छातीत दोन-अडीच इंच जास्तीचे येतात आणि गळा पुढे लोंबतो.

मग लांबी. ब्लाउज छातीखाली संपतो, आपल्याला कमरेपर्यंत यायचंय. मध्यरेषा सरळ खाली पुढच्या मापाइतकी वाढवा, पाठ पाठीच्या मापाइतकी. खालच्या रेषेची रुंदी अशी काढा: शिवायच्या कमरेचा चौथा हिस्सा, म्हणजे सव्वासात इंच, अधिक टक्सचे सव्वा इंच, अधिक बाजूच्या शिवणीसाठी एक इंच. झाले साडेनऊ. काखेपासून या बिंदूपर्यंत हलकी आत जाणारी रेघ मारा. खालचा टक्स कमरेपासून सुरू होऊन छातीच्या टोकाच्या एक इंच खाली संपू दे. टोकापर्यंत नेला तर तिथे कापडाला शेंडा येतो.

मुंढ्याला हात लावू नका. हालचाल मोकळी व्हावी म्हणून मुंढा खोल करावा असं सगळ्यांनाच वाटतं. माझ्या पहिल्या फ्रॉकला मीही तेच केलं. आरशासमोर छान दिसत होता. कॉनमध्ये फोटोसाठी हात वर केला आणि कंबर अडीच इंच वर चढली, खालून परकर दिसला. काखेजवळ बसणारा मुंढा हाताला मोकळं सोडतो. खोल मुंढा हाताबरोबर सगळी बॉडी ओढून नेतो. हे त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून नमुना घालून हात वर केल्याशिवाय मी खरं कापड कापत नाही.

मांजरपाटाचा नमुना

मांजरपाटावर बॉडी कापा, लांब टाक्याने शिवा, डावी बाजू टाचण्यांनी बंद करा आणि नाडी बांधून आरशासमोर उभ्या राहा. बॉडीची खालची कड नाडीवर बरोबर टेकायला हवी, पुढे, मागे आणि बाजूंना. पाठीत आडवी सुरकुती म्हणजे पाठ लांब झाली. ती चिमटीत धरा, टाचणी लावा, तेवढं कागदावरून कमी करा. छातीतून काखेकडे तिरक्या रेघा ओढल्या जात असतील तर छातीत कापड कमी आहे. गळा मागे पडत असेल तर खांद्याची शिवण अर्धा इंच पुढे घेऊन बघा. सगळं मांजरपाटावर पेनाने लिहा, उसवा, आणि हाच आता तुमचा नमुना. हा जपून ठेवा, पुढची दहा वर्षं उपयोगी पडेल.

खोटं सांगत नाही, ही पायरी कंटाळवाणी आहे. पण पंचवीस रुपयांच्या कापडावर चुकायचं की अडीचशेच्या, एवढाच प्रश्न आहे.

घेर

गणित सोपं आहे. शिवायच्या कमरेला ६.२८ ने भागा. २९ भागिले ६.२८ म्हणजे ४.६ इंच, ही आतल्या वर्तुळाची त्रिज्या. ही शिवणीची रेघ. कात्री हिच्या अर्धा इंच आत चालवायची, म्हणजे ४.१ वर. पुष्कळ जणी उलट करतात, शिवणीसाठी म्हणून वर्तुळ मोठं कापतात, आणि मग कंबर सहा इंचांनी मोठी होते. आत कापलेलं वर्तुळ वाढवता येतं, मोठं झालेलं लहान करता येत नाही. बाहेरची त्रिज्या ४.६ अधिक लांबी २६ अधिक दुमडीचा अर्धा इंच, म्हणजे ३१.१.

अख्खं वर्तुळ एका पन्ह्यात मावत नाही, म्हणून दोन अर्धवर्तुळं कापायची. अर्धवर्तुळाची सरळ बाजू कापडाच्या किनारीला समांतर ठेवा आणि शिवणीसाठी पाऊण इंच बाहेर सोडा. प्रत्येकाला सुमारे ६३ इंच लांबी लागते, दोघांना मिळून सव्वातीन मीटर. रुंदी जेमतेम ३२ इंच खर्च होते. म्हणजे ४४ पन्ह्यात बारा इंची पट्टी उरते; तिच्यातून पट्टा आणि उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, पट्ट्या काढा.

रेघ मारायला टेपचं टोक मध्यबिंदूवर टाचणीने धरा, दुसऱ्या हाताने खडू टेपच्या मापावर ठेवून फिरवा. मोठी चौकट असलेलं कापड घेतलं असेल तर दोन्ही बाजूंच्या शिवणींवर चौकटी जुळवाव्या लागतील. पहिल्या वेळी बारीक ठिपके किंवा सपाट रंग बरा.

कापून झालं की लगेच कमरेच्या कडेपासून पाव इंच आत मशीनची एक साधी शिवण मारा, गळ्यालाही. गोल कापलेल्या कडेला कापड उरेब असतं, नुसतं उचललं तरी ताणतं. ही शिवण त्याला धरून ठेवते.

परकर

घेर उभा राहतो तो आतल्या परकरामुळे. पॉपलिनचा बारा इंच उंचीचा, कटीपेक्षा चार इंच जास्त घेराचा पट्टा. वर एक इंच नेफा आणि नाडी. त्याखाली जाळीचे दोन थर, प्रत्येक आठ इंच उंच. जाळीचा पन्हा साधारण ५८ इंच असतो. पहिल्या थराला दोन पट्ट्या जोडा, दुसऱ्याला चार. चुण्या पाडायला लांब टाक्याच्या दोन समांतर शिवणी मारा आणि बॉबीनचे दोरे ओढा. एकच दोरा ओढलात तर मध्येच तुटतो. दीड मीटर जाळीत हे होतं. असेच आणखी दोन थर वर घातले की घेर खरा फुलतो, म्हणून तीन मीटर सांगितली.

जाळी पायांना टोचते. जाळीच्या आत, पॉपलिनच्या पट्ट्याखालीच, जुन्या सुती साडीचा एक मऊ थर जोडा. तयार परकर पंचवीस इंच भरतो, फ्रॉकपेक्षा एक इंच आखूड. एवढाच फरक ठेवा.

जोडणी आणि चेन

बॉडीचे टक्स, खांदे आणि उजवी बाजू शिवा. घेराचीही उजवी बाजू शिवा. डावी बाजू दोन्हींची उघडी ठेवा, म्हणजे सगळं टेबलावर सपाट पसरता येतं. याच टप्प्याला गळ्याला आणि दोन्ही मुंढ्यांना उरेब पट्टी लावून घ्या. मग घेराचे आणि बॉडीचे मध्यबिंदू, चतुर्थांश बिंदू टाचण्यांनी जुळवा. बॉडी वर, घेर खाली ठेवून शिवा. उरेब बाजू मशीनच्या दातांकडे असली की वरचं कापड पुढे सरकत नाही. घेराच्या कडेला दर इंचावर छोटी चीर द्या, आधीच्या शिवणीपर्यंतच.

चेन डाव्या बाजूला, मुंढ्यापासून कमरेखाली सहा इंचांपर्यंत. त्या काळातल्या पुष्कळ फ्रॉकना पाठीऐवजी डाव्या कुशीत चेन असायची, आणि ती धातूची असायची. पाठ सपाट दिसते, हे त्याचं कारण बघितल्यावर कळतं. धातूची मिळाली तर उत्तम, नाहीतर बाहेरून न दिसणारी कन्सील चेन चालेल. आधी हाताने कच्चा टाका घाला, मग मशीन चालवा. कमरेची शिवण दोन्ही बाजूंना एका रेषेत भेटते का ते चेन बंद करून तपासा. दोन मिलिमीटरचा फरकही हात खाली असताना दिसतो.

आता ती सुती फीत. सव्वातीन मीटर कापडाचं वजन बॉडीला सतत खाली ओढत असतं. दिवसभर उभं राहिल्यावर कंबर खाली सरकते आणि जे इतकं मापून आणलं ते जातं. फीत कमरेच्या आतल्या शिवणीवर, चेनच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळी सोडून, हाताने टाका. टोकांना स्वतंत्र हुक लावा. घालताना आधी हा हुक, मग चेन. घेराचं सगळं वजन फितीवर येतं आणि बॉडी जागच्या जागी राहते. बाहेरून काही दिसत नाही, पण माझ्या मते अख्ख्या फ्रॉकमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

खालची दुमड

फ्रॉक हँगरला लावून दोन दिवस टांगून ठेवा. उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली येतो, उभा भाग येत नाही, त्यामुळे खालची कड वाकडी होते. दोन दिवसांनी परकर आणि कॉनला घालणार तेच बूट घालून स्टुलावर उभ्या राहा. कुणीतरी स्टुलावर पट्टी उभी धरून सारख्या उंचीवर सगळीकडे टाचण्या लावायच्या. माझ्या आईचा हात या कामाला सगळ्यात स्थिर आहे, ती गुडघे दुखत असूनही दर वेळी बसते.

घेर सुमारे १९२ इंच आहे, म्हणजे सोळा फूट. रुंद दुमड घातली तर चुण्या पडतात, कारण बाहेरची कड आतल्या रेषेपेक्षा लांब असते. पाव इंच दुमडून इस्त्री, पुन्हा पाव इंच, मग शिवण. वेळ असेल तर हातशिलाई करा. सोळा फुटांना दोन संध्याकाळी लागतात.

जुना कपडा बदलायचा असेल

आधी तो उलटा करून शिवणीतलं मार्जिन बघा. बाजूंना इंचभर असेल तर एकूण दीड-दोन इंच सैल करता येईल. जुन्या शिवणीची भोकं आणि फिकट झालेली रेघ दिसेल का, हे एका कोपऱ्यात उसवून पाहा. मार्जिन नसेल तर काखेत चौकोनी तुकडा घाला. झब्ब्याला असतो तसा चौबगल. हात मोकळा होतो आणि तुकडा काखेत लपतो.

कंबर खाली असलेला तयार ड्रेस असेल तर वरून पट्टा बांधून भागवू नका. घेर उसवून वेगळा करा, नाडी बांधून बॉडीवर खरी कंबर आखा, जास्तीची बॉडी कापा, घेर पुन्हा जोडा. एका दुपारचं काम आहे, आणि त्याने ड्रेसचा काळ बदलतो. कंबर फार वर असेल तर मध्ये त्याच रंगाचा रुंद पट्टा शिवून घाला.

साडीचा फ्रॉक उत्तम होतो. साडेपाच मीटर लांबी आणि ४५ इंचांच्या आसपास पन्हा, म्हणजे घेर, बॉडी, पट्टा सगळं निघतं. आधी ती उजेडासमोर धरा. घड्यांच्या रेघांवर सुती साडी विरलेली असते; ते भाग टाळून कापा. काठ आधी वेगळे काढा, नाहीतर ते कुशीच्या शिवणीत जातात, पट्ट्याला वापरा. मात्र खरोखरीचा जुना फ्रॉक, एखाद्या मावशीच्या किंवा शेजारच्या आजींच्या पेटीतला, हातात आला तर त्याला कात्री लावू नका. त्याची मापं घ्या, आतल्या शिवणींचे फोटो काढा, आणि तो परत पेटीत ठेवा. मुंबईत आणि गोव्यात असे फ्रॉक शिवणारे आणि रोज घालणारे लोक होते, त्यांचं शिवणकाम अजून काही घरांत आहे. ते बघून शिकायचं असतं.

पुरुषांसाठी थोडक्यात: वडिलांची जुनी प्लेटवाली पँट शोधा. मागच्या मधल्या शिवणीत बहुतेक वेळा इंच-दीड इंच दाबलेला असतो. कोटाचे खांदे बसत नसतील तर तो कोट सोडून द्या. बाह्या, लांबी, कुशी बदलता येतात, खांदा घरी बदलत नाही.

कॉनचा दिवस

१९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन चाहते भविष्यकाळाचे पोशाख घालून गेले. कॉनला वेष करून जायची प्रथा बहुतेक तिथूनच धरतात. ते दोन्ही पोशाख मर्टलने शिवले होते. मला ही गोष्ट नव्या मुलींना सांगायला आवडते.

आदल्या आठवड्यात पूर्ण पोशाखात घरी दोन तास काढा. जिना चढा, खुर्चीत बसा, वाकून बूट घाला, संडासला जाऊन बघा. परकर घालून लोकलमध्ये चढू नका. तो उशीच्या अभ्र्यात कोंबला की मावतो आणि झटकला की पुन्हा उभा राहतो. फ्रॉक मात्र हँगरवरच न्या. सोबत सुई-दोरा, सेफ्टी पिना, दोन जादा हुक, छोटी कात्री आणि पाण्याची बाटली. गर्दीत चेन अडली तर ओढू नका; बाजूला जाऊन पेन्सिलचं शिसं दातांवर घासा, धातूची चेन सुटते.

स्पर्धेत भाग घेणार असाल तर नियम आधी वाचा. काही ठिकाणी विशिष्ट पात्रच लागतं, स्वतः कल्पिलेली रचना चालत नाही. परीक्षक आतल्या शिवणी बघायला मागतात, म्हणून कडांना ओव्हरलॉक करून घ्या आणि मांजरपाटापासूनचे फोटो फोनमध्ये ठेवा.

घरी आल्यावर फ्रॉक रात्रभर वाऱ्यावर उलटा टाका, मग थंड पाण्यात धुवा. ठेवताना खांद्यावर टांगू नका. फितीला दोन लूप शिवून त्यांवर टांगा, किंवा सैल घडी घालून सुती कापडात गुंडाळा. पुढच्या कॉनआधी नाडी पुन्हा बांधून बघा आणि दुमड पुन्हा एकदा स्टुलावर उभं राहून मापा. घेर वर्षभरात अर्धा-पाऊण इंच आणखी खाली आलेला असतो.